बेटावरच्या शेळ्या कोणाच्या?

आमच्या गुहागरकडच्या बायकांना बेट म्हटलं की डोळ्यांपुढे समुद्र येतो. चारी बाजूंनी खारं पाणी, मध्ये खडक आणि चार माड. त्यामुळे मी यवतमाळ जिल्ह्यात एका बेटावर जाऊन आले असं सांगितलं तेव्हा आळीतल्या निम्म्या जणी हसल्या आणि उरलेल्यांनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. समुद्र तिथून कुठल्या कुठे राहिला. पण बेट आहे, गोड्या पाण्यातलं आहे, आणि मी तिथे एकदा नाही, दोनदा गेले. दोन्ही वेळा माझी मती गुंग झाली. सगळं कळलं असं आजही म्हणवत नाही. जेवढं कळलं तेवढं लिहिते.

पुसद

विदर्भ मुंबई राज्यात आल्याला दोनेक वर्षं झाली होती. आमच्या जावयांना पुसदच्या एका शाळेत मास्तरकी मिळाली आणि कुसुम, माझी लेक, त्यांच्याबरोबर तिकडे गेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला एवढा प्रवास झेपेना. तेव्हा माहेरच उठून तिच्याकडे गेलं, म्हणजे मी गेले. आमच्या ह्यांना नारळी-पोफळीला पाणी घालायला मागे ठेवलं.

मुलगी झाली. दहाव्या दिवसापासून कुसुमला ताप भरला, तो पंधरा दिवस उतरला नाही, आणि अंगावरचं दूध गेलं ते गेलंच. गाईचं दूध पाजलं, ते बाळाच्या पोटात ठरेना. म्हशीचं तर विचारूच नका. महिन्याचं पोर, पण उचललं की वाटायचं नुसतं दुपटंच हातात आलंय. रडायचीही ताकद राहिली नव्हती. डॉक्टर म्हणाले, शेळीचं दूध देऊन बघा, पण चार-आठ दिवसांच्या आत. 

शेळी ती काय, कुठेही मिळेल, असं तुम्हांला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण त्या पावसाळ्यात तिकडच्या शेळ्यांवर रोग आला होता. गावंच्या गावं रिकामी झाली होती, आणि ज्या शेळ्या वाचल्या त्यांचं दूध आटलं होतं. जावई सायकल घेऊन तीन दिवस खेडोपाडी फिरले. भिडस्त माणूस. कोणी नाही म्हटलं की आभार मानून परत यायचे. शेवटी शाळेचा शिपाई गणपत म्हणाला, "बाई, पैनगंगेच्या बेटावर रोग गेलाच नाई. चारी अंगानं पानी हाये ना. माही सासुरवाडी तिकडंच हाये, मले ठाव हाये."

मी म्हटलं, चला. विहीणबाई घरात होत्या, बाळाला त्या बघणार होत्या. जावई म्हणाले, "आई, तुम्ही कशाला, मी जातो." मी म्हटलं, "तुम्ही जाल आणि आभार मानून याल."

नदीकाठ

बसचं काही सांगत नाही, हाडं अजून आठवण काढतात. पुढे बंडी केली. बंडी म्हणजे बैलगाडीच. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बायका ओटीत वेचत होत्या, आणि माती अशी काळी की आमच्या लाल मातीत जन्म काढलेल्या माणसाला वाटावं, इथे काहीतरी जळलंय. लांबवर सागाचे डोंगर. झाड असून सावली नाही, नदी असून मासळीचा वास नाही. मला चुकल्यासारखं होत होतं.

नदीच्या दोन फाट्यांमध्ये ते बेट. काठावर एक म्हातारा डोंगा घेऊन बसला होता. एकाच खोडाचा कोरलेला डोंगा, आमच्याकडच्या होड्यांपुढे अगदी गरीब. म्हाताऱ्याच्या डोक्याला लाल फेटा, कानांत बाळ्या. गणपतने ओळख करून दिली, हे रूपलाबुवा, बंजारा, बेटावरचे सगळ्यांत जुने. ह्यांचे आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे, ते इथे येऊन शेतकरी झाले.

बुवांनी मला डोंग्यात पाऊल टाकू दिलं नाही. आधी एका मडक्यातलं, कडुलिंबाचा पाला घातलेलं पाणी घेऊन माझे पाय धुतले. तळवेसुद्धा चोळले. लुगड्याचा काठ भिजवून पिळला. मला भरून आलं. एवढा आदर मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता. मी त्यांना तोंडभरून आशीर्वाद दिला. ते जरा बुचकळ्यात पडल्यासारखे दिसले.

पलीकडे उतरल्यावर गणपत हळूच म्हणाला, "बाई, थे पूजा नोती. तुमच्या पायाले रोग लागून येऊ नये म्हून धुतलं. माहे बी धुतले." त्या प्रवासातला माझा हा पहिला गोंधळ. नंतरच्या गोंधळांपुढे तो काहीच नाही.

बेट, पहिला दिवस

बेट लांबोडकं आहे. एका टोकाहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला जेमतेम ऐकू जाईल. सात घरं, कुडाची. काही कुणब्यांची, काही बंजाऱ्यांची. बाकी सगळी शेतं, आणि शेळ्या. शेळीला तिकडे बकरी म्हणतात. आमच्याकडे शेळी म्हणजे आंब्याच्या कलमांची वैरीण, दिसली की दगड उचलायचा. इथे ओटीवर शेळी, चुलीशी शेळी, एक तर झोपाळ्याच्या दोरीला शिंगं घाशीत उभी होती आणि कोणी तिला हड् म्हणत नव्हतं.

दुभती शेळी पहिल्याच घरात दिसली. काळी, कानांवर पांढरे ठिपके, कास भरलेली. घर अनुसयाबाईचं. पंचेचाळिशीची, सडसडीत, एकटी राहणारी बाई. नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला. मी आडपडदा न ठेवता सांगितलं, की नात महिन्याची आहे, दुधावाचून जातेय, ही शेळी मला विकत द्या, म्हणाल ती किंमत देते.

ती म्हणाली, "माही असती तं देल्ली असती माय. थे रूपलाबुवाची हाये."

मी तशीच रूपलाबुवांच्या दारी. "बुवा, अनुसयाबाईकडची शेळी तुमची का?"

"हाव."

"मग मला द्या."

"मी कसा देऊ? पोसते थे. तिले इचारा."

परत अनुसयाबाईकडे. ती म्हणते, बुवांना विचारा. माझ्या अशा तीन खेपा झाल्या. मधल्या खेपेला माझं लक्ष गेलं, बुवांच्याच अंगणात दोन शेळ्या बांधलेल्या. म्हटलं, ह्या तरी तुमच्या ना? तर एक अनुसयाबाईची आणि दुसरी पलीकडच्या घरची. पलीकडच्या घरात डोकावले तर तिथे तिसऱ्याच कोणाची. सात घरं पालथी घातली. ज्याच्या दारात त्याची शेळी नाही, आणि ज्याची शेळी त्याच्या दारात नाही. मला घेरी यायची बाकी होती.

मी बुवांना म्हटलं, "एक काम करा. तुमची तुमच्याकडे आणा, तिची तिला द्या. सगळ्यांनी आपापल्या घरी न्या. प्रश्न मिटला."

 बुवा म्हणाले, "याडी, मंग बकरी राहीन का?" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस मला आई म्हणत होता, तेही मला समजेना. "आपली बकरी असली का पावना आला, काप. सन आला, काप. हाताले तंगी आली, इक. दुसऱ्याची कशी कापशीन? दुसऱ्याची मानूस सांभाळते. पिल्लं झाली का अर्धी त्याची, अर्धी पोसनाराची. म्हून आमच्या इथं बकऱ्या हायेत. तिकडं पाहा, रोगाच्या आंधी बी किती होत्या?"

 मला काही ते पटलं नाही.

दिवेलागणीच्या आधी आणखी एक नवल पाहिलं. सातही घरच्या शेळ्या एकत्र हाकून एका शेतात नेल्या आणि काट्याच्या फांद्यांचं कुंपण घालून तिथे कोंडल्या. रोज हे कुंपण उचलून पुढे सरकवायचं. आज ह्याचं शेत, चार दिवसांनी त्याचं. बेटाची जमीन वाळूमिश्रित, पूर आला की वरचा कस धुऊन नेतो. पेरणीच्या दिवसांत नदी भरलेली, डोंग्यातून बैल आणता येत नाहीत, शेणखत आणता येत नाही. तेव्हा शेळ्यांच्या लेंड्या आणि मूत हेच खत, आणि त्यावर गहू. ज्याच्या दारात शेळी आहे त्याच्या शेतात कळप बसतो. ज्याच्या दारात नाही, त्याच्या शेतात बसत नाही. एवढाच कायदा. आपापल्या शेळ्या असत्या तर ज्याच्या जास्त त्याने जास्त मागितलं असतं आणि रोज डोकी फुटली असती. आता कोणाच्या किती हे त्यांनाच धड सांगता येत नाही, तर भांडणार कशावरून? पंधरा दिवसांनी अनुसयाबाईच्या शेताची पाळी होती.

जेवायला ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि मिरचीचा ठेचा. सोवळंओवळं मी पुसदच्या बसस्टँडवरच ठेवून आले होते. ठेच्याने डोळ्यांतून धारा लागल्या. अनुसयाबाई म्हणाली, "रडू नका माय, होईन काही तरी." मी तिला खरं कारण सांगितलं नाही, आणि पुढे तर कुठल्या धारा कशाच्या हे मलाही सांगता आलं नसतं.

दुसरा दिवस

सकाळी सगळे रूपलाबुवांच्या अंगणात जमले. चहा झाला, गूळ घातलेला. पण मुद्द्याचं कोणी बोलेना. गव्हाचं बोलले, डोंग्याच्या भोकाचं बोलले, गणपतच्या मेव्हण्याच्या लग्नाचं बोलले. मी मनात दिवस मोजत होते. बाहेर गेलेली शेळी रोगाच्या भीतीने परत घेता येणार नाही, हे एवढंच मध्येच कोणीतरी म्हणालं. तेवढ्याने मला पुन्हा अंधार दिसला.

शेवटी माझा तोल गेला. आमच्या घराण्यात राग नाकावर असतो, तो मी इतका वेळ पदराखाली झाकून ठेवला होता. मी म्हटलं, "तिकडे पोर मरतंय आणि इकडे तुम्ही हिची का तिची करीत बसलात. माणसं आहात का कोण? एक शेळी तुम्हांला लेकरापेक्षा मोठी झाली." आणखीही काही बोलले, ते लिहवत नाही. त्यांच्या चहाचा पेला माझ्या हातात असताना बोलले.

 अनुसयाबाई उठली, आपल्या घराकडे गेली. मी पाहत होते. तिने शेळीच्या गळ्यातलं दावं सोडलं, गुंडाळलं आणि आत नेऊन खुंटीला टांगलं. परत आली ती माझ्याकडे न बघता कुडाला टेकून बसली.

झालं, मी समजले. दावं काढून घेतलं म्हणजे नाही म्हणाली. मी पेला खाली ठेवला आणि कोणाला न सांगता काठाकडे चालू लागले. रडत होते, रागाने का दुःखाने देव जाणे. डोंग्यात जाऊन बसले. मागून गणपत आला, तर त्याच्या दोन्ही हातांत ती काळी शेळी.

"ही कशी?" मी विचारलं.

"देल्ली ना बाई. तुमी उठून काहून आल्या?"

"अरे, तिने दावं काढून घेतलं."

"बकरी देतात, दावं कोनी देते का? दावं गेलं का घरची बरकत गेली. दावं सोडलं, म्हंजे देल्ली."

आमच्याकडे गुरं देताना दावं देतात की ठेवतात, मला खरंच माहीत नाही. आम्ही कधी गाय विकलीच नाही. मी तशीच उठून परत गेले.  अनुसयाबाईच्या पुढे उभी राहिले, पण माफी मागायला तोंड उघडेना. पैसे काढले तर रूपलाबुवांनी हात मागे घेतला. "इकली नाई याडी. अर्धेलीनं देल्ली. पिल्लं झाली का अर्धी तुमची. आमची अर्धी इकडं नोका आनू, रोग येईन. तिकडंच कोन्या गरजवाल्याले देजा."

ते अनुसयाबाईला म्हणाले, दुसरी बकरी दोन दिवसांत तुझ्या दारात आणून बांधतो. तिने मान हलवली. मग ती माझ्याबरोबर काठापर्यंत आली. शेळीच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाली, "माय, लेकरू जगलं तं सांगावा धाडजा. नाई जगलं तं धाडू नोका. मी समजून जाईन."

मी म्हटलं, धाडीन. डोंगा सुटला.

पुन्हा पुसद

पाणी मिसळून, उकळून, बोंडल्याने दूध पाजलं. पहिल्या दिवशी ठरलं. दुसऱ्या दिवशीही ठरलं. पाचव्या दिवशी पोरीने असा टाहो फोडला की शेजारीपाजारी धावत आले आणि आम्ही सगळे वेड्यासारखे हसत होतो. कुसुमही हिंडूफिरू लागली. जावई शेळीसाठी स्वतः पाला तोडून आणू लागले आणि तिचेही आभार मानू लागले. उशिराने बारसं केलं, नाव शांता ठेवलं. पोरगी मात्र नावाला जागणारी नव्हती.

दिवस कसे गेले कळलं नाही. माघात मला घरी परतायचं होतं. त्याआधी कुसुम म्हणाली, "आई, मला त्या बाईला बघायचंय." बाळ आता अंगाने भरलं होतं. मी अनुसयाबाईसाठी लुगडं घेतलं, आणि गणपतला बरोबर घेऊन आम्ही निघालो.

माघात, बेटावर

पाणी ओसरलं होतं, डोंग्याची गरज पडली नाही. आम्ही गुडघाभर पाण्यातून गेलो, आणि पलीकडे रूपलाबुवा मडकं घेऊन उभे होते, त्यांच्यापुढे यावेळी मी पाय आपणहून धरले. बेटभर गहू उभा होता. काळपट हिरवा, कमरेएवढा, ओंब्या धरलेला. आणि त्याच्या मधोमध एकच पट्टी पिवळी, खुरटी, जेमतेम वीत-दीड वितीची. एखाद्याच्या डोक्यावरची चाई दिसावी तशी. मी बुवांना विचारलं, "हे कोणाचं शेत? ह्याने पेरणीच उशिरा केली का?"

बुवा माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मग कुसुमच्या कडेवरच्या पोरीकडे.  "हे थेच लेकरू?" त्यांनी विचारलं. "थेच का?"

"हो, तेच की."

बुवा मटकन बांधावर बसले. मग त्यांनी सांगितलं. शेत अनुसयाचं. मी गेल्यावर दोन दिवसांनी त्यांनी तिच्या दारात दुसरी शेळी नेऊन बांधली होती. आठ दिवस तिने ती ठेवली. रोज काठावर जाऊन बसायची. आठ दिवसांत पुसदहून काही सांगावा आला नाही. तेव्हा तिने शेळी बुवांकडे परत आणून सोडली. म्हणाली, माह्या हातच्या बकरीचं दूध लेकराले पावलं नाई, आता माह्या दारात बकरी नोको. शेळी नाही म्हणून शेतात कळप बसला नाही, म्हणून गहू वर आला नाही. सगळ्यांनी समजावलं. पण मुलगी गेली का, हे विचारायला पुसदला कोणी गेलं नाही. तिनेच सांगितलं होतं ना, नाही जगलं तर सांगू नका.

मी गणपतकडे वळले. तो म्हणाला, "मले वाटलं तुमी सांगावा धाडला असन." आणि मला वाटलं होतं, गणपतची सासुरवाडी तिथेच, तो कधीच सांगून आला असेल.  तीन महिने आमच्या घरात हसणं चाललं होतं, आणि तीन महिने ही बाई इथे माझ्या नातीचं सुतक धरून बसली होती. चार ओळींचं कार्ड टाकायला मला दोन पैसे जड नव्हते. मी विसरले. दुसरं काही कारण नाही, मी विसरले. ह्या गोष्टीची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

अनुसयाबाई अंगणात तुरी झोडत होती. आम्हांला येताना पाहून तिने काठी खाली ठेवली आणि मान वळवून घेतली. कडेवरचं पोर दुसऱ्याच कोणाचं असेल, असं तिला वाटलं असावं. माझ्या हातातलं लुगडं मला कुठे ठेवू असं झालं. कुसुमला आम्ही काही सांगायची गरज पडली नाही, तिने वाटेत सगळं ऐकलं होतं. ती पुढे झाली, वाकली आणि शांताला तिच्या मांडीवर ठेवून बाजूला सरली.

कार्टीने तुरीच्या शेंगा मुठीत धरल्या आणि तोंडात कोंबायला लागली. अनुसयाबाईने तिची मूठ सोडवली, शेंगा काढून घेतल्या. मग तिचा एक पाय हातात घेतला, पोटरी दाबून पाहिली, दुसरा पाय घेतला, तोही दाबून पाहिला. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, आणि ते बरंच झालं.

"बुवा," ती म्हणाली, "सांजंले एक बकरी माह्या दारात बांधजा."